वाडीतल्या छत्र्या: फ्री डिश दुरुस्तीच्या नोंदी

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार

काल विसर्जन झालं, आज मंडळाचा हिशेब. वर्गणीतून उरलेल्या पैशांत वाडीतल्या फ्री डिशच्या, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट उपग्रह टीव्हीच्या, छत्र्या (डिश अँटेना) दुरुस्त करायच्या असं ठरलं. काम माझ्याकडे, मदतीला मंडळातली दोन पोरं. मुदत घटस्थापनेपर्यंत, म्हणजे ३ ऑक्टोबर.

कोयना खोऱ्यातली आमची वाडी. पावसाळा संपता संपता दरवर्षी निम्म्या घरांत टीव्ही रडत असतो. हातात मोबाइल असलेल्यांचं भागतं, पण घरात दिवसभर एकटी असणारी म्हातारी माणसं आहेत. त्यांना संध्याकाळच्या बातम्या, कीर्तन, जुनी गाणी एवढंच हवं असतं, आणि ते फुकट मिळतंय तर नीट मिळालं पाहिजे. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिला महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. तरीही आमच्याच वाडीत दोन घरांनी 'वर्षाचं रिन्यूअल' म्हणून कुणाला तरी पैसे दिलेत. असे पैसे कुणालाच द्यायचे नसतात, हे प्रत्येक घरात सांगायचं कामही याच यादीत धरलंय.

१९ सप्टेंबर

आज शिडी घेतलीच नाही. फक्त वही घेऊन घरोघरी गेलो. प्रत्येक घरी तेच प्रश्न: कुठली चॅनेल गेली? एकदम गेली की हळूहळू? पावसात जातात की उन्हातही? सेट-टॉप बॉक्सला कुणी हात लावला का? छत्रीजवळ काही बांधकाम, झाड?

आक्का म्हणाल्या, "सगळंच गेलंय रं, एक सुदीक दिसत न्हाई." जाऊन बघितलं तर पडद्यावर 'नो सिग्नल' लिहिलेलं चौकोनी पान इकडून तिकडे सरकत होतं. ते पान टीव्हीचं. बॉक्सकडून टीव्हीत काहीच येत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. बॉक्सचा स्वतःचा 'सिग्नल नाही' हा संदेश वेगळा दिसतो, त्याच्या मागे बॉक्सचा मेनू उघडता येतो. नातवाने टीव्हीचा सोर्स बदलला होता. रिमोटवरचं बटण दाबून एव्हीवर, म्हणजे बॉक्सची वायर जोडलेल्या सोर्सवर, आणलं, चित्र आलं. हे दोन संदेश ओळखायला शिकवलं तर निम्म्या वेळा कुणाला बोलवायलाच लागणार नाही.

रात्री वही घेऊन बसलो आणि घरांचे गट पाडले. काही घरांत चित्र स्वच्छ आहे, पण ठराविक चॅनेल यादीतच नाहीत. काही घरांत आठ-दहा चॅनेल एकदम अडकतात, बाकीची बरी चालतात. उरलेल्यांत सगळंच तुटक, चौकोन चौकोन. तीन तऱ्हा, तीन वेगळी दुखणी. पहिल्या गटाच्या छतावर चढायची गरजच नाही.

२० सप्टेंबर

पहिला गट एका दिवसात संपला.

चॅनेल गायब होण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे जुनी यादी. खासगी चॅनेलना फ्री डिशवर जागा लिलावाने मिळते आणि ती साधारण एका वर्षासाठी, १ एप्रिल ते ३१ मार्च. एप्रिलमध्ये काही चॅनेल जातात, काही नवीन येतात, काहींची फ्रिक्वेन्सी बदलते. बॉक्सला ते आपोआप कळतंच असं नाही. त्याच्याकडे शेवटच्या स्कॅनची यादी असते. म्हणून आधी सगळी चॅनेल पुसायची, मग नव्याने स्कॅन करायचं. न पुसता स्कॅन केलं की जुनी मेलेली नावं तशीच राहतात आणि माणूस त्यांवरच जाऊन बसतो.

पुसायच्या आधी बॉक्सच्या मेनूतला क्वालिटीचा पट्टा, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ येतोय तो आकडा, बघणं मात्र अत्यावश्यक. क्वालिटी शून्य असताना यादी पुसली तर हाती काहीच उरत नाही.

एका घरी मुलाने फॅक्टरी रिसेट मारलं होतं. त्यात एलएनबीचा (छत्रीपुढे दांड्यावर बसलेला, सिग्नल पकडणारा डबा) प्रकार ५१५० झाला. तो मोठ्या जाळीच्या, सी-बँडच्या छत्रीचा आकडा. आपल्याला युनिव्हर्सल, ९७५०/१०६०० लागतो. मेनूतल्या २२ किलोहर्ट्झ आणि डायसेक या सोयी आपल्याला लागत नाहीत, त्या दोन्ही बंद. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. जुन्या बॉक्समध्ये तिथे इन्सॅट-४बी असं नाव असतं, त्याने बिघडत नाही, जागा तीच आहे. जीसॅट-१५ नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेटने वर गेला, आणि इन्सॅट-४बीचा भार पुढे त्याने घेतला.

दोन घरांत स्कॅन करूनही शेजारच्यापेक्षा कमीच चॅनेल आली. ते बॉक्स जुने, एमपेग-२ चे. एमपेग म्हणजे चित्र दाबून लहान करून पाठवायची पद्धत. फ्री डिशवर काही चॅनेल एमपेग-२ मध्ये येतात, काही एमपेग-४ मध्ये. जुना बॉक्स दुसऱ्या प्रकारची चॅनेल दाखवूच शकत नाही, छत्री कितीही नेमकी असो. तात्यांना तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. मला जेवढी लागत्यात तेवढी हैत." बॉक्स बदलायचा आग्रह धरला नाही.

२२ सप्टेंबर

दुसरा गट, म्हणजे 'आठ-दहा चॅनेल एकदम जातात' वाले. यातच सगळ्यात जास्त शिकण्यासारखं आहे.

एका फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनेल गठ्ठ्याने येतात. म्हणून एक चॅनेल गेलं तर त्याच्याबरोबरची सगळी जातात. कुठला गठ्ठा गेला हे बघितलं की दुखणं कुठे आहे त्याचा अंदाज येतो. एलएनबी आकाशातून आलेल्या फ्रिक्वेन्सीतून ९७५० वजा करून उरलेला सिग्नल वायरीने खाली पाठवतो. ११०९० चा १३४० होतो, ११४७० चा १७२०. वायरीत जास्त फ्रिक्वेन्सीचा सिग्नल जास्त मरतो. वायर चांगली असेल तर हा फरक बॉक्स सहज पचवतो, पण वायरीत पाणी शिरलं की आधी वरच्या फ्रिक्वेन्सीचे गठ्ठे जातात, खालचे टिकतात. तेव्हा वरचे गठ्ठे गेलेले दिसले की मी छत्री हलवत नाही, वायर सोलतो.

वरच्या आळीत अगदी तसंच निघालं. पडवीच्या वर दोन वायरी हाताने पिळून, चिकटपट्टी गुंडाळून जोडलेल्या. पट्टी काढली तर आतून पाण्याचा थेंब गळला. वरची जाळी काळी पडलेली, हातात भुगा झाली. मधली तांब्याची तार हिरवी, आणि तिच्याभोवतीचा पांढरा फोम ओल्या भाकरीसारखा मऊ. जोडापासून खालच्या बाजूला हातभर वायर कापत गेलो, तरी आत काळेपणा होताच. जाळीतून पाणी वातीसारखं वर-खाली चढतं, त्यामुळे नुसता जोड बदलून भागत नाही. पूर्ण वायर बदलली: आरजी-६, छत्रीपासून बॉक्सपर्यंत अखंड, मध्ये एकही जोड नाही. दोन्ही टोकांना एफ कनेक्टर, आणि वर एलएनबीच्या खाली वायरीला झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन तिथूनच गळतं, कनेक्टरात जात नाही. क्वालिटी ३० च्या आसपास होती, ती ७० च्या वर गेली. छत्रीला बोटही लावलं नाही.

शेजारच्या घरी मल्टिमीटर लावला. बॉक्स वायरीतूनच एलएनबीला वीज देतो, उभ्या ध्रुवणासाठी (लहर उभी थरथरते की आडवी, ते ध्रुवण) १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८. फ्री डिश उभ्यावर आहे, म्हणजे १३ हवेत. बॉक्सच्या तोंडाशी बरोबर मिळाले, एलएनबीपाशी बरेच कमी. मध्ये भिंतीत ठोकलेला खिळा वायरीच्या जाळीत घुसला होता. वायर बदलताना बॉक्सची पिन काढूनच काम करायचं, हे पोरांना पुन्हा पुन्हा सांगतोय. मधली तार जाळीला टेकली तर बॉक्सचा पुरवठा जातो, आणि मग चांगला बॉक्सही बाद.

२४ सप्टेंबर

तिसरा गट. आता शिडी.

वाडीत पक्का समज आहे की समोरचा डोंगर आडवा येतो. ही आठवण जुन्या अँटेनाची आहे. कळकाच्या टोकाला अॅल्युमिनियमचा अँटेना बांधून, एकाने फिरवायचा आणि दुसऱ्याने घरातून "मुंग्या आल्या, मुंग्या गेल्या" म्हणून ओरडायचं. तेव्हा सिग्नल जमिनीवरच्या टॉवरवरून यायचा आणि खोऱ्यातल्या गावांना डोंगर खरंच अडवायचा. दूरदर्शनचे ते जुने अॅनालॉग टॉवर आता जवळजवळ सगळे बंद झालेत. उपग्रह आपल्या इथून आग्नेयेला आहे, आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. त्या उंचीवर आमचा कुठलाच डोंगर पोचत नाही. घराजवळचं झाड मात्र पोचतं.

आणखी एक गैरसमज: छत्रीचं तोंड जिकडे दिसतं तिकडे ती बघत नाही. आपल्या लहान छत्र्या ऑफसेट असतात. एलएनबी मधोमध न बसता खाली बसतो, म्हणून छत्री जेवढी वर बघते त्याहून वीस-पंचवीस अंशांनी खाली बघत असल्यासारखी दिसते. काल आबांनी "आभाळाकडं केली की" म्हणून ती पार उताणी केली होती. पावसाचं पाणीही साठलं होतं तिच्यात.

वारा हा इथला खरा शत्रू. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. ६० सेंटीमीटरच्या छत्रीची नजर साधारण ३ अंश रुंद. मधल्या रेषेवरून दीड अंश सरकली की निम्मी ताकद गेली. पत्र्यावर ठोकलेल्या छत्र्या वाऱ्याने थरथरतात, नट सैल होतो आणि छत्री स्वतःच्या वजनाने थोडीथोडी खाली वाकते. अशा घरांत 'हळूहळू गेलं' असंच सांगतात. तीन छत्र्या पत्र्यावरून काढून दगडी भिंतीत, फास्टनरने बसवल्या. नटांखाली स्प्रिंग वॉशर घातले.

दिशा लावताना मोबाइलचं होकायंत्र पत्र्याजवळ भलतीच दिशा दाखवतो, म्हणून अंगणात उभं राहून दिशा घ्यायची आणि लांबची खूण धरायची. बझरवाला सॅटफाइंडर, म्हणजे सिग्नल शोधायचा छोटा मीटर, फक्त सिग्नल आहे एवढंच सांगतो, कुणाचा ते सांगत नाही. ९५ अंशावर दुसरा उपग्रह आहे, अगदी बाजूला. तिथे लागली तर बझर जोरात वाजतो आणि चॅनेल एकही नाही. स्ट्रेंथच्या पट्ट्यावरही भरवसा ठेवायचा नाही. एलएनबीला वीज मिळाली की तो भिंतीकडे तोंड करूनही बराच भरलेला दिसतो. बघायची ती क्वालिटी, ११०९० वर, उभं ध्रुवण, सिंबॉल रेट (माहिती येण्याचा वेग) २९५००. छत्री अगदी सावकाश सरकवायची आणि प्रत्येक वेळी थांबायचं, कारण बॉक्सला आकडा दाखवायला क्षणभर लागतो. शेवटी एलएनबी त्याच्या खोबणीत डावी-उजवीकडे फिरवून बघायचा. ही पायरी बरेच जण गाळतात. एका घरी केवळ त्यानेच क्वालिटी पंधराने वाढली.

खालच्या आळीतल्या वहिनींच्या एलएनबीच्या तोंडावर कुंभारमाशीने घर केलं होतं. सुपारीएवढा मातीचा गोळा, सुकून सिमेंटसारखा टणक. ओल्या फडक्याने भिजवून, नखाने काढला. टोपण फुटलं नव्हतं, म्हणून एलएनबी वाचला. टोपणाला चीर असती तर आत पाणी गेलं असतं आणि तो बदलावाच लागला असता.

२६ सप्टेंबर

दिवसभर मुसळधार. छतावर कुणालाही चढू दिलं नाही.

नव्याने लावलेल्या छत्र्यांवरूनही दुपारी काही वेळ चित्र गेलं. लोकांनी लगेच विचारलं, "आता तर दुरुस्त केलीस ना?" जोराच्या पावसात ११ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्याच्या थेंबांत शोषला जातो, ते कुणालाच टाळता येत नाही. पण किती लवकर जातं आणि किती वेळाने येतं हे आपल्या हातात आहे. छत्री नेमकी असेल तर रिपरिपीत टिकते आणि फक्त धो-धो पावसात जाते. ६० ऐवजी ९० सेंटीमीटरची छत्री लावली तर साडेतीन डेसिबल जादा मिळतात, म्हणजे दुपटीहून जास्त ताकद. समाजमंदिरासाठी ९० ची घ्यावी असं मी मंडळाला सुचवलंय.

२८ सप्टेंबर

सकाळी ढगाळ, पाऊस नाही. पावणेअकरानंतर एकेक घरातून फोन यायला लागले. चित्र अडकतंय, चौकोन येतायत. अकरा वाजून गेल्यावर सगळं आपोआप सुरळीत. पोरं घाबरली, आपलं काहीतरी चुकलं म्हणून.

हा सूर्य. वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या विषुवाच्या आसपास, सूर्य आपल्याकडून बघितलं तर उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. सूर्यही रेडिओ लहरी सोडतो, आणि त्या गोंगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडतो. ढगांनी त्यात फरक पडत नाही. ढग ऊन अडवतात, या लहरी नाही. आपल्या खोऱ्यातून ९३.५ अंशासाठी हा मेळ सप्टेंबरच्या अखेरीला, सकाळी १० वाजून ५० मिनिटांच्या आसपास येतो, आणि मार्चमध्ये साधारण १२-१३ तारखेला. काही दिवस रोज काही मिनिटं. छत्रीला हात लावायचा नाही, थांबायचं.

सगळ्यांचं चित्र सारखं गेलं नाही, हे महत्त्वाचं. ज्यांच्या छत्र्या नीट लागल्यात त्यांच्याकडे क्वालिटी घसरली तरी चित्र राहिलं. ज्या अजून व्हायच्यात तिथे पूर्ण गेलं. एका घरी तर इतरांच्या बऱ्याच आधी गेलं आणि आधीच परत आलं. सूर्य चार मिनिटांत एक अंश पश्चिमेकडे सरकतो. म्हणजे त्या घराची छत्री पूर्वेकडे झुकलीय. वर न चढता, घड्याळावर कळलं.

३० सप्टेंबर

आज या कामातला सगळ्यात आनंदाचा दिवस. सकाळी आभाळ फाटलं आणि ऊन पडलं.

सूर्य आणि उपग्रह आज जवळजवळ एका रेषेत येणार होते, म्हणून दहा चाळीसला त्या झुकलेल्या छत्रीच्या घराच्या छतावर पोरांना घेऊन बसलो. छत्रीच्या आतला रंग राखाडी, चकाकत नाही, तरी तिच्यावरून परतलेल्या उन्हाचा फिकट पट्टा दिसतो. नीट लागलेल्या छत्रीत हा पट्टा या वेळी एलएनबीच्या तोंडावरच यायला हवा. इथे तो आधीच येऊन गेला होता आणि दहा पन्नासला एलएनबीच्या बाजूला, त्याच्या दांड्यावर पडला होता. नट किंचित सैल केले, छत्री पश्चिमेकडे केसभर फिरवली, तसा उजेड दांड्यावरून सरकत एलएनबीच्या पांढऱ्या टोपणावर आला. टोपण उजळलं. हात लावून बघितलं तर बाकीच्या भागापेक्षा ते चांगलंच तापलं होतं. तिथेच नट आवळले.

खाली टीव्हीवर त्या क्षणी काहीच नव्हतं, असायलाही नको होतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी क्वालिटी ७८. मीटरने थोडी तपासली, पण सुधारायला काही उरलं नव्हतं. मग घरोघरी पळालो, जितक्या छत्र्यांवर ऊन होतं तितक्या बघून घेतल्या. उद्या, परवाही साधारण याच वेळी उजेड जवळपास पडेल. राहिलेल्या तेव्हा बघू. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी हे दिवस वाया घालवू नयेत.

१ ऑक्टोबर

त्याच उन्हाने दुसरंही सांगितलं. आण्णांच्या छत्रीवर दहा पन्नासला सावली होती, पानापानांची, हलणारी. त्यांच्या घरामागचं कळकाचं बेट पावसाळ्यात वाढून बरोबर त्या रेषेत आलंय. जिथे सूर्य झाकला जातो तिथे उपग्रहही झाकला जातो, आणि ओली पानं सिग्नल जास्त खातात. म्हणूनच त्यांचं मे महिन्यात चालतं आणि श्रावणात जातं.

आण्णांना विचारलं, तोडू का? "न्हाई. त्ये माझ्या बानं लावल्यालं हाय." मग छत्रीच हलवायची. परड्याच्या टोकाला गोठ्याच्या भिंतीवर या वेळेला स्वच्छ ऊन होतं, तिथे खडूने खूण केली. वायर लांब होईल, पण जोड न देता अखंड टाकली तर चालेल.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

आण्णांची छत्री काल गोठ्यावर गेली, आज सकाळी वायर पुरी झाली. संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो असताना बातमी आली: केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीबरोबर. आण्णांनी आवाज वाढवून शेजारणीला हाक मारली. चित्र एकदाही अडकलं नाही.

उरलेलं काम: समाजमंदिराची ९० ची छत्री, सामान आलं की. खालच्या आळीत एक अॅडॉप्टर बदलायचा आहे. त्याचा कपॅसिटर फुगलाय आणि बॉक्स रात्री आपोआप बंद-चालू होतो. मार्चमध्ये १० ते १५ तारखेला सगळ्या छत्र्यांचा उजेड पुन्हा तपासायचा. त्या वेळी मेळ थोडा उशिरा, सव्वाअकराच्या सुमारास येईल. आणि १ एप्रिलनंतर सगळीकडे एकदा स्कॅन. वहीत प्रत्येक घराची आजची क्वालिटी लिहून ठेवलीय. पुढच्या वेळी तक्रार आली की आधी ती वही उघडायची.